सांगायची वेळ

"लई वेळ आहे" असं कुणी म्हणलं की मला अजून मळमळतं. बोलायची रीत म्हणून सांगत नाही, खरंच पोटातून ढवळून येतं. परवा शाळेच्या स्टाफरूममध्ये एका बाईंना बस गाठायची होती. त्यांनी खांद्याला लावलेली पर्स काढून ठेवली, चहा मागवला आणि मलाही बस म्हणाल्या, लई वेळ आहे. मी कप तसाच ठेवून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. त्यांना वाटलं मला पित्त झालंय. आल्याचा रस घेत जा म्हणाल्या.

पित्त नाही, किळस आहे ती. पिठात अळी दिसल्यावर येते तसली. आणि ज्या माणसांची येते ती परकी नाहीत, माझ्या घरची आहेत, हे आणखी वाईट.

माझी माय पूर्णेला वारली त्या दिवसाचं हे आहे. पूर्णा म्हणजे रेल्वेचं गाव. वडील रेल्वेत होते, ते मायच्या कितीतरी आधी गेले. माय भावाजवळ राहायची. आम्ही तिघं. मी थोरली, लग्न होऊन इथं संभाजीनगरात आले आणि इथंच शाळेत शिकवते. भाऊ मधला, तो पूर्णेलाच. धाकटी बहीण बंगळूरला, एका कंपनीत.

मायचं एक काम गावात ठरलेलं होतं. क्वार्टरातली, आमच्या वस्तीतली, कुणाचीही बाई गेली की आंघोळ घालायला मायला बोलावणं यायचं. बाप्याची आंघोळ बापे घालतात, बाईची बायका. पण जमलेल्या बायकांत निम्म्या रडत असतात आणि निम्म्या भीत असतात. माय भीत नव्हती. ती पदर खोचायची, पाणी कोमट आहे का हात घालून बघायची आणि जित्या माणसाशी बोलावं तसं त्या बाईशी बोलत बोलत तिचं सगळं करायची. हात वर कर गं बाई, मान इकडं कर, झालं बघ आता. घरी येऊन स्वतः न्हायची आणि चहा पिताना आम्हा दोघींना म्हणायची, "माझ्या अंगाला मात्र तुमचेच हात लागले पायजेत. परकीचा हात मला खपणार नाय." आम्ही तिच्यावर चिडायचो, असलं काय अभद्र बोलतीस म्हणायचो. पण दोघींनीही ते मनात पक्कं धरून ठेवलं होतं.

भावालाही ते माहीत होतं. दिवस उगवायच्या आत त्याचा फोन आला. माय झोपेतच गेली होती. उन्हाळा असा की सकाळी आठलाच पत्रा तापायचा, आणि बर्फाची पेटी कुठं मिळायची मारामार. भाऊ म्हणाला, माती आजच करावी लागंल, पाचला करू. आंघोळीला मी कुणाला हात लावू देत नाय, तुम्ही दोघी या, मग घाला. रडत नव्हता तो, आवाज नुसता कोरडा पडला होता.

बहिणीला सकाळच्या विमानात जागा मिळाली. विमान दहाच्या सुमाराला उतरणार, पूर्णेची गाडी साडेबाराला. तिच्याजवळ सामान म्हणजे एक हातातली बॅग, विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ ताटकळायचंही काम नाही. जालना रोड कितीही तुंबला तरी तासाभरात माणूस स्टेशनावर पोचतो. गाडी चारच्या आसपास पूर्णेला टाकते आणि तिथून घर चालत. रस्त्यानं जावं तर मंठ्याच्या पुढं सगळा रस्ता उकरून ठेवलेला, पोचेपर्यंत दिवस मावळतो. म्हणून मी रेल्वेच धरली. विमानात बसायच्या आधी बहिणीनं विचारलं, "ताई, वेळ पुरंल का गं?" मी म्हणलं, पुरून उरंल, तू फक्त ये.

आणि पुरूनच उरत होता. हे मी आजही कुणालाही छातीवर हात ठेवून सांगीन.

आमच्या शहराची एक गंमत आहे, म्हणजे इतर दिवशी गंमत. विमानतळ पूर्वेला, चिकलठाण्याला. स्टेशन पार दुसऱ्या टोकाला. पूर्णेची गाडी स्टेशनावरून सुटली की उलट पूर्वेलाच पळते, मुकुंदवाडी, चिकलठाणा करत जालन्याकडं. तिकडं ती थांबत मात्र नाही. म्हणजे जालन्याच्या दिशेला उतरलेल्या माणसानं आधी जालन्याकडं पाठ करून सगळं शहर ओलांडायचं, आणि मग गाडीत बसून पुन्हा त्याच अंगाला यायचं. डोक्यामागून हात नेऊन घास खायचा तसं. पण तेवढा वेळ मी धरलाच होता.

मी जे धरलं नव्हतं ते माझं सासर.

आमच्या सासरी दोन वेळा असतात. एक खरी वेळ आणि एक सांगायची वेळ. कार्यक्रम बाराला असला तर पाहुण्यांना अकरा सांगायचं, कारण पाहुणे उशिरा येतात. पाहुण्यांनाही हे ठाऊक असतं, त्यामुळं ते अकराचे साडेबारा करून घेतात. मग यजमान दहा सांगायला लागतो. माझा नवरा त्याच्या थोरल्या भावाला कुठलीही वेळ सांगताना एक तास अलीकडची सांगतो, आणि थोरले भाऊजी त्यात तो तास सवयीनं परत मिळवतात. बाजारात भाव सांगायचा आणि पाडायचा तसं दोघा भावांचं जन्मभर चाललंय. कुणी कुणाला खोटारडा म्हणत नाही. उलट याला ते समजूतदारपणा म्हणतात.

माझ्या लग्नात याचा एकदाच घोटाळा झाला होता. माझे वडील रेल्वेतले, त्यांनी पत्रिकेवर साडेबारा छापलं आणि साडेबाराला लग्न लावून टाकलं. सासरची पाचोडकडची मंडळी आपल्या हिशेबानं निघाली होती. थोरले भाऊजी सख्ख्या भावाच्या लग्नाला पोचले तेव्हा लोक बुंदी खात होते. अजून ते हा किस्सा चारचौघांत हसत हसत सांगतात, की हिच्या वडिलांनी आम्हाला फसवलं, खरी वेळ सांगून. लोकही हसतात. पूर्वी मीपण हसायचे.

थोरले भाऊजी सरकारी खात्यातून रिटायर झालेले, सिडकोत बंगला, दारात नवी गाडी. मायची बातमी कळल्यावर त्यांनी स्वतःच फोन केला, की घरची गाडी असताना रिक्षानं जायचं काय कारण, मी येतो, विमानतळावरून घेऊन स्टेशनावर नेतो, तिथून मीही मातीला येतो. नवरा फोनवर बोलत होता तेव्हा मी त्याच्या बाजूलाच उभी होते. मी त्याला म्हणलं होतं, आज खरं सांगा. आणि त्यानं सांगितलं. साडेबाराची गाडी, पाचला माती. दोन्ही खरं. त्या घरात बहुधा पहिल्यांदाच कुणी कुणाला खरी वेळ सांगत होतं, आणि मला तेव्हा बरं वाटलं होतं.

विमान वेळेच्या थोडं आधीच उतरलं. बहीण पांढरा कुर्ता घालून बाहेर आली, माझ्या गळ्यात पडली, पण रडली नाही. रडायचं तिनं पूर्णेसाठी राखून ठेवलं होतं. आम्ही उन्हात उभं राहिलो. भाऊजी आले ते अर्ध्या तासानं, गाडी धुऊन घेत होते म्हणे. मातीला जायला गाडी धुतात, हे मला नवीन होतं. आत गुलाबाच्या अत्तराचा असा भपका की रिकाम्या पोटी जीव नकोसा व्हावा, आणि सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. बसलं की चर्र आवाज यायचा. बहिणीला त्यांनी जय भीम केला, सुस्कारा सोडला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, तिला म्हणावं रडू नको, वय झालं होतं. ते माझ्याशी आणि माझ्या माहेरच्या बायकांशी थेट बोलत नाहीत, नवऱ्यामार्फत बोलतात. जुनी अदब आहे ती. पण मागच्या सीटवर बसलेल्या बाईचं बोलणं ऐकू न येण्याची सोयही त्यात चांगली होते.

सिडकोच्या चौकात त्यांनी गाडी घराकडं वळवली. मी म्हणलं, भाऊजी, स्टेशनाला सरळ जायचं होतं. त्यांनी आरशातसुद्धा बघितलं नाही. नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, मातीच्या घरी दिवसभर चूल पेटत नसती. लेकरांना उपाशी नेऊ का? दोन घास खाऊ आन् निघू. लई वेळ आहे."

आता यात चूक काय काढायची? मातीला निघालेल्या माणसाला खाऊ घालून पाठवतात, ही आमच्याकडची रीत आहे आणि चांगली रीत आहे. जाऊबाईंनी सकाळपासून खपून भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, वर भात, सगळा स्वयंपाक केला होता. त्या मला मिठी मारून माझ्यापेक्षा जास्त रडल्या. माझी माय त्यांना आवडायची. त्यांच्या रडण्यात खोट नव्हती, आणि त्यामुळंच मला तिथून हलता येईना. वाईट माणसाचा हात झटकून निघता येतं. चांगलं माणूस गरम भाकरी वाढत असलं की काय करायचं? बहिणीनं पिठल्यात भाकरी कुस्करली आणि नुसती बघत बसली. मी दोन घास पाण्याबरोबर ढकलले.

आम्ही हात धुतले तरी भाऊजींचा पत्ता नाही. आत गेले होते. मी खोलीच्या दारापर्यंत गेले. ते बनियनवर उभे राहून पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. कॉलर आधी आतून, मग बाहेरून, मग पाणी शिंपडून बाह्या. माझी माय तिकडं न न्हाता पडली होती आणि हा माणूस बाहीची घडी सरळ येईना म्हणून पुन्हा पाणी शिंपडत होता. मी परत फिरले आणि नवऱ्याला म्हणलं, रिक्षा बोलवा, आम्ही दोघी जातो. बहिणीची बॅग गाडीच्या डिकीत होती आणि चावी भाऊजींच्या खिशात. मी म्हणलं, बॅग राहू द्या इथंच, आम्ही रिकाम्या हातानं जातो.

नवऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही घाणेरडं बोलले. हळू आवाजात म्हणाला, "अगं, दादाला वाईट वाटंल."

या माणसाबरोबर मी पंचवीस वर्षांहून जास्त संसार केला. तो दारू पीत नाही, हात उगारत नाही, माझा पगार मागत नाही. शेजारणी मला नशीबवान म्हणतात. पण त्या घटकेला तो मला जसा दिसला तसा पुढं कधीकधी जेवतानाही दिसतो, आणि मी ताट घेऊन स्वयंपाकघरात जाते.

निघालो तेव्हा अजूनही वेळ होता. मी देवगाव रंगारीला शाळेत नोकरीला असताना रोज बस बदलून गेलेली बाई आहे, किती वेळात काय होतं ते मला कळतं. सरळ गेलो असतो तर गाडी फलाटाला लागायच्या आधी पोचलो असतो. पण भाऊजींना पातळ आठवलं. मेलेल्या मायला लेकीचं पांढरं पातळ लागतं. बहिणीनं ते बंगळूरहून निघतानाच बॅगेत टाकलं होतं आणि तसं ती म्हणालीही. भाऊजी नवऱ्याला म्हणाले, तिकडलं नायलॉनबियलॉन काय कामाचं, शहागंजात आपला ओळखीचा दुकानदार आहे, इज्जतीचं नेऊ, चारचौघांत मायचं पातळ उठून दिसलं पायजे. मी सरळ सांगितलं, भाऊजी, गाडी चुकंल. त्यावर ते पहिल्यांदाच माझ्याकडं वळून हसले. "बाई, ही गाडी जन्मात कधी टायमावर आलीय का?"

शहागंज कुणाला सांगायला नको. भरल्या बाजारात गाडी लावायला जागा नाही, म्हणून नवरा गाडीत बसून राहिला आणि आम्ही दोघी भाऊजींच्या मागं दुकानात. दुकानदारानं गादीवर बसवलं, पाणी दिलं, कोण गेलं विचारलं, हळहळला, त्याच्या चुलतीचं सांगितलं. मग पातळं निघायला लागली. भाऊजी प्रत्येकाचा काठ अंगठ्यानं चोळून बघायचे, उजेडाकडं धरायचे, याच्यात जरा घट्ट विणीचं दाखवा म्हणायचे. जळून नाहीतर पुरून जायच्या कापडाची वीण! बहीण गादीच्या काठावर बसली होती. एकदाच मला म्हणाली, "ताई, यांना सांग ना गं, कुठलंपण घ्या." मी पहिलं हाताला लागलं ते उचललं आणि बांधा म्हणलं. तेवढ्यात चहा आला. भाऊजी म्हणाले, आता आणलाय तर नाय कसं म्हणायचं, लोकाला काय वाटंल. बशीत ओतून फुर्रफुर्र करत प्याले. तो आवाज मला आजही बंद करता येत नाही.

पुढचं काय सांगायचं. पैठण गेटापाशी तुंबलो. क्रांती चौकात तुंबलो. भाऊजी हॉर्न वाजवून लोकांना शिव्या देत होते, की या शहरात कुणाला शिस्तच नाय. स्टेशनाच्या आवारात गाडी पुरती थांबायच्या आत आम्ही दोघी पळत सुटलो. पुलावरून फलाट दिसला तेव्हाच कळलं. फलाट मोकळा होता. एक बाई सांडलेल्या पाण्यावरून झाडू ओढत होती आणि स्टॉलवाला कप एकात एक घालत होता. गाडी टायमावर आली, टायमावर गेली, म्हणाला.

बहीण जिन्यावर बसली. भाऊजी धापा टाकत आले, फोन काढला आणि अशी कशी गेली, लेट दाखवायला पायजे होती, असं त्या फोनला विचारायला लागले. मग माझ्या नवऱ्याकडं वळले. त्यांचं बोलणं मी शब्दाला शब्द सांगते, कारण त्यात मला पदरचा एकही शब्द घालावा लागत नाही.

"तू साडेबारा म्हणलास. तुझं साडेबारा म्हणजे दीड, असा मी हिशेब धरला."

"दादा, या बारीला खरी वेळ सांगितली होती."

"मग खरी आहे म्हणून सांगायचं ना!"

आणि माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. म्हणजे चूक त्याची होती, हे त्याला पटलं. एक माणूस खरं बोलला, त्याचं त्याला वाईट वाटलं, आणि दुसऱ्यानं ते खोटं धरलं, त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. मी त्या दोघांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टांकडं बघत होते आणि मला त्या फलाटावर थुंकावंसं वाटत होतं. मी थुंकले नाही, बहिणीला उठवायचं होतं.

मातीच्या वेळेचाही भाऊजींनी तोच हिशेब लावला होता. गाडीत बसताना म्हणाले, जाऊ की याच गाडीनं, त्यात काय, पाचची माती कधी पाचला झालीय, सात धरून चला. पुन्हा सगळा जालना रोड. पुन्हा चिकलठाणा, पुन्हा विमानतळाचं फाटक. सकाळी इथं उतरल्यावर लगेच एखादी भाड्याची गाडी करून सरळ निघालो असतो तरी आत्तापर्यंत पार पुढं असतो, हे बहिणीलाही सुचलं असणार. ती फाटकाकडं बघत राहिली.

जालन्याच्या अलीकडं मी भावाला फोन केला आणि गाडी चुकली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बघतो किती थांबता येतं ते. मंठ्याच्या आधी त्याचा फोन आला. ऊन फार होतं, अंगात फरक पडायला लागला होता, म्हातारी माणसं बोलायला लागली होती, भंतेजी येऊन बसले होते. तो म्हणाला, ताई, आता आंघोळ घालून घ्यावी लागंल. मी विचारलं, कोण घालणार? म्हणाला, शेजारच्या बाया. मी म्हणलं, घाला. तो शब्द माझ्याच तोंडून गेला, बहिणीच्या देखत. तिनं माझा हात धरला होता तो तसाच धरून ठेवला, सोडला नाही, आवळलाही नाही.

मंठ्याच्या पुढं रस्ता उकरलेलाच होता. गाडी बैलगाडीच्या चालीनं धक्के खात चालली होती, आणि भाऊजी ठेकेदाराला नावं ठेवत होते. माझ्याकडं द्यायला शिव्या भरपूर होत्या, पण त्या ठेकेदारासाठी नव्हत्या. पाच वाजून गेले आणि भावानं व्हिडिओ कॉल लावला. म्हणाला, दोघी बघून घ्या, आता उचलतायत. भाऊजींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, बघ, केवढी सोय झाली ही, आपल्या वेळेला होती का? मी फोन दोघींच्या मधे धरला. आधी मांडवाचं कापड दिसलं, मग माणसांचे पाय, मग हलत हलत माय दिसली. न्हाऊन, पांढऱ्या कापडात, गळ्यात हार. शेजारच्या बायकांनी मन लावून केलं होतं, मी त्यांना बोल लावत नाही. केस तेल लावून मागं चापून बसवले होते, पदर खांद्यावर नीट ठेवला होता.

बहीण दिवसभरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "ताई, भाऊला म्हण तिचा पदर पुढं ओढ. डाग दिसतोय."

मायच्या उजव्या कानाच्या वर, लहानपणी चुलीवर पडून भाजलेला, तळहाताएवढा डाग होता. तिथं केस उगवले नाहीत. जन्मभर तिनं पलीकडचे केस त्यावरून वळवून घेतले आणि त्यावर पदर. वडिलांसमोरही तिनं डोकं उघडं टाकलं नाही, भावासमोर तर नाहीच. आम्ही दोघी तिच्या डोक्याला तेल लावायला बसायचो तेव्हा ती आधी दाराला कडी घालायला लावायची. परक्या बायकांना हे कुठून माहीत असणार? त्यांनी तिला चांगलं विंचरून, कान मोकळे करून, सगळ्या गावासमोर ठेवली होती.

मी फोनमध्ये ओरडून सांगितलं, भाऊ, पदर पुढं घे, उजव्या कानावर, डाग झाक. गलक्यात त्याला ऐकू जाईना. मी पुन्हा सांगितलं. तो मायवर वाकला, तिच्या तोंडाकडं बघितलं, मग फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला. रडून डोळे सुजले होते त्याचे.

"कसला डाग, ताई?"